ट्रिमचा किल्ला : नॉर्मन सरदार, आयरिश राजे आणि इंग्लंडचा राजा

भुईकोट

आयर्लंडमध्ये नॉर्मन लोकांनी बांधलेला सर्वांत मोठा किल्ला मीथ काउंटीतील ट्रिम या गावात, बॉइन नदीच्या दक्षिण तीरावर उभा आहे. या किल्ल्याविषयी साधारणपणे असे सांगितले जाते की, परके सरदार समुद्र ओलांडून आले, त्यांनी मुलूख घेतला आणि स्थानिकांवर वचक राहावा म्हणून दगडी किल्ला उभारला. हे खरे आहे, पण एवढ्यावर थांबल्यास किल्ल्याच्या पहिल्या ५० वर्षांतील अर्ध्याहून अधिक घटनांचा अर्थ लागत नाही. त्या काळात ट्रिमच्या धन्याला आयरिश राजांची जेवढी धास्ती होती, तेवढीच स्वतःच्या राजाचीही होती, आणि किल्ल्याला सर्वांत मोठा वेढा घातला तो इंग्लंडच्या राजाच्याच प्रतिनिधीने. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. लिन्स्टरचा राजा डर्मट मॅकमरो ११६६ साली पदच्युत झाला आणि मदत मागण्यासाठी इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्याकडे गेला. हेन्रीने त्याला आपल्या सरदारांची फौज जमवण्याची मुभा दिली. ११६९ साली पहिली तुकडी आयर्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर उतरली. पुढच्या वर्षी स्ट्राँगबो या नावाने ओळखला जाणारा रिचर्ड द क्लेअर आला, त्याने वॉटरफर्ड घेतले आणि डर्मटची मुलगी ईफा हिच्याशी विवाह केला. ११७१ मध्ये डर्मट वारला आणि स्ट्राँगबो लिन्स्टरचा वारस म्हणून पुढे आला, तेव्हा आपलाच एक सरदार समुद्रापलीकडे स्वतंत्र राज्य थाटतो की काय, अशी हेन्रीला शंका आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो स्वतः सैन्य घेऊन आयर्लंडमध्ये उतरला. परत जाण्यापूर्वी, ११७२ साली, त्याने मीथचे संपूर्ण राज्य ५० सरदारांच्या लष्करी सेवेच्या बदल्यात ह्यू द लेसी याला दिले. स्ट्राँगबोच्या शेजारी तोलामोलाचा दुसरा माणूस बसवणे, हा त्यामागचा हिशेब होता. ट्रिमचा किल्ला जन्माला आला तो या हिशेबातून.

ह्यूने मीथच्या कारभारासाठी ट्रिमची निवड केली, कारण येथे बॉइन पायी ओलांडता येईल असा उतार होता आणि नदीतून समुद्राकडची वाहतूकही होऊ शकत होती. पहिला कोट मातीचा आणि लाकडाचा होता: गोलाकार खंदक, त्याच्या मातीचा बांध आणि वर टोकदार खांबांचे कुंपण. ह्यूला राजाच्या कामासाठी समुद्रापलीकडे जावे लागले, तेव्हा कोट त्याने ह्यू टिरेल याच्या हाती सोपवला. कॉनॉटचा राजा आणि त्या वेळचा आयर्लंडचा उच्च राजा रोरी ओ'कॉनर मोठे सैन्य घेऊन चालून आला. टिरेलने स्ट्राँगबोकडे मदत मागितली, पण ती वेळेत पोहोचली नाही. तेव्हा त्याने स्वतःच कोटाला आग लावली आणि तो निघून गेला. रोरीनेही तेथे ठाण मांडले नाही, तो माघारी वळला. जळक्या जागेवर कोट पुन्हा उभारला गेला आणि लवकरच तेथे दगडी बालेकिल्ल्याचे काम सुरू झाले.

हा बालेकिल्ला एका दमात झाला असे अनेक वर्षे मानले जात होते. नंतर भिंतींच्या आत अडकून राहिलेल्या लाकडांची वृक्षवलयांवरून कालगणना करण्यात आली आणि बांधकामाचे तीन टप्पे स्पष्ट झाले. पहिला ११७० च्या दशकाच्या मध्याचा, दुसरा ११९० च्या दशकाच्या उत्तरार्धाकडे झुकणारा आणि तिसरा १२०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. पहिला टप्पा ह्यूचा आहे, उरलेले दोन त्याचा मुलगा वॉल्टर याचे.

बांधकाम सुरू असतानाच ह्यूचे राजाशी बिनसले. ११८० च्या सुमारास त्याने रोरी ओ'कॉनरची मुलगी रोझ हिच्याशी, हेन्रीची परवानगी न घेता, विवाह केला. ज्याने काही वर्षांपूर्वी आपला कोट जाळायला भाग पाडले त्याचाच तो जावई झाला. आयर्लंडचा राजा होण्याचा त्याचा बेत आहे, अशी कुजबुज इंग्लंडच्या दरबारात सुरू झाली. ज्याला स्ट्राँगबोवर नजर ठेवण्यासाठी बसवले, त्याच्यावरच आता नजर ठेवण्याची वेळ हेन्रीवर आली. ११८६ च्या जुलैमध्ये ह्यू डरो येथे नव्या कोटाचे काम पाहत असताना एका आयरिश तरुणाने कुऱ्हाडीच्या घावाने त्याचे डोके उडवले. डरो हे संत कोलम्किल यांच्या मठाचे पवित्र स्थान होते, आणि तेथे कोट बांधणे हा आयरिश लोकांच्या दृष्टीने उघड भ्रष्टाकार होता. ही बातमी ऐकून हेन्रीला आनंदच झाला, असे त्या काळच्या इंग्रज बखरकारांनी लिहून ठेवले आहे. ह्यूच्या मृत्यूनंतरही वाद संपले नाहीत. त्याचे धड बेक्टिव्हच्या मठात आणि डोके डब्लिनच्या संत टॉमस मठात गेले. दोन्ही मठ भांडत राहिले आणि १२०५ साली धर्मपीठाने नेमलेल्या न्यायाधीशांनी धडही डब्लिनला द्यावे, असा निवाडा केला.

वॉल्टरच्या काळात राजाशी असलेले वैर उघड झाले. त्याचा सासरा विल्यम द ब्रिओझ याच्यावर राजा जॉनची खप्पामर्जी झाली. ब्रिओझ कुटुंब आयर्लंडला पळून आले आणि लेसी बंधूंनी त्यांना आसरा दिला. १२१० साली जॉन फौज घेऊन आयर्लंडमध्ये उतरला. जुलैच्या आरंभी तो ट्रिमला आला, पण त्याच्या त्या दिवसांच्या कागदपत्रांवर मुक्कामाची जागा म्हणून ट्रिमजवळच्या कुरणाचा उल्लेख आहे. राजा किल्ल्यात न राहता कुरणात डेरे देऊन राहिला. लेसी बंधू देशोधडीला लागले आणि मीथ राजाने खालसा केले. वॉल्टरची सासू मटिल्डा आणि तिचा मुलगा जॉनच्या कैदेत उपासमारीने मेले. १२१५ साली, इंग्लंडमध्ये सरदारांच्या बंडाने जॉन अडचणीत आला असताना, मोठी रक्कम घेऊन त्याने वॉल्टरला मीथ परत केले.

यानंतरचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. १२२४ साली वॉल्टरच्या धाकट्या भावांनी राजाविरुद्ध युद्ध पुकारले. राजाचा प्रतिनिधी धाकटा विल्यम मार्शल याने ट्रिमला वेढा दिला आणि सात आठवडे लढून किल्ला घेतला. आतल्या पक्षाचा म्होरक्या होता विल्यम द लेसी, म्हणजे ह्यू आणि रोझ यांचा मुलगा. रोरी ओ'कॉनरने सुमारे ५० वर्षांपूर्वी ज्या जागेवर चाल केली, तीच जागा रोरीचा नातू इंग्लंडच्या राजाच्या सैन्यापासून राखत होता. 'परके विरुद्ध स्थानिक' या एका चौकटीत हा प्रसंग बसवून पाहावा, तो बसत नाही.

नंतरचा इतिहास मोठा असला तरी धावता सांगतो. किल्ला विवाहसंबंधांतून जॉफ्री द जेनव्हिल याच्याकडे आणि मग मॉर्टिमर घराण्याकडे गेला. १३९९ साली दुसऱ्या रिचर्डने आपला प्रतिस्पर्धी हेन्री बोलिंगब्रोक याच्या मुलाला, म्हणजे पुढच्या पाचव्या हेन्रीला, येथे ठेवले होते. १४२५ साली मॉर्टिमर घराण्याचा शेवटचा पुरुष एडमंड ट्रिमलाच प्लेगने वारला आणि किल्ला भाचा म्हणून यॉर्कचा ड्यूक रिचर्ड याच्याकडे गेला. सोळाव्या शतकात पडझड सुरू झाली, १६४० च्या दशकातल्या युद्धांत तो पुन्हा वापरात आला आणि १६४९ साली क्रॉमवेलच्या सैन्याने घेतला. डनसॅनीच्या प्लंकेट घराण्याकडून १९९३ साली आयरिश शासनाने तो विकत घेतला, आणि संवर्धनानंतर २००० साली लोकांसाठी खुला केला.

कातळकडा

लेख आवडला. सह्याद्रीतले किल्ले पाहण्याची सवय असलेल्या माणसाला पहिला प्रश्न बालेकिल्ल्याच्या आराखड्याबद्दल पडतो. छायाचित्रांत मध्यभागी चौरस इमारत दिसते आणि तिच्या बाजूंना आणखी चौकोनी इमारती चिकटवल्यासारख्या दिसतात. इतके कोपरे ठेवल्याने बचावाला काय फायदा होतो? कोपऱ्याखाली सुरुंग लावणे सोपे असते, हे त्या लोकांनाही ठाऊक असणार.

भुईकोट

प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. मधल्या चौरस इमारतीच्या चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चौकोनी बुरूज आहे (त्यांतला उत्तरेकडचा आज उभा नाही), त्यामुळे आराखडा क्रुसाच्या आकाराचा होतो आणि बाहेरून २० कोपरे मोजता येतात. भिंती सुमारे ३ मीटर जाड आणि २५ मीटरच्या आसपास उंच आहेत. तुम्ही म्हणता तसे युद्धशास्त्राच्या दृष्टीने हा आराखडा सदोष आहे. बाजूच्या बुरुजांच्या भिंती मधल्या इमारतीपेक्षा पातळ आहेत, आणि प्रत्येक आतल्या कोपऱ्यात वरच्या तिरंदाजाच्या नजरेआड राहणारी जागा तयार होते.

माझ्या मते याचे उत्तर ह्यूच्या स्थानात आहे. एका जुन्या राज्याचा तो नवा धनी होता, आजूबाजूचे आयरिश राजे त्याला पाहत होते, त्याचे स्वतःचे सरदार पाहत होते आणि डब्लिनमधले राजाचे अधिकारीही पाहत होते. मोठे दालन, प्रार्थनाघर, खासगी खोल्या हे सारे एका इमारतीत मावणारे आणि नदीपलीकडून, कोणत्याही वाटेने येणाऱ्याला, भव्य दिसणारे घर त्याला हवे होते. संरक्षणाची खरी भिस्त पुढे बाहेरच्या तटावर ठेवली गेली.

तटाकडे पाहिले तर विचार कसा बदलत गेला ते दिसते. पश्चिम आणि उत्तर बाजूंचा तट आधीचा आहे आणि त्याचे बुरूज चौकोनी आहेत. दक्षिणेकडचा तट तेराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला आहे, आणि तेथील बुरूज बाहेरून अर्धगोल आहेत. गोल भिंतीवर दगडाचा मारा निसटतो, आणि पुढे आलेल्या बुरुजातून दोन्ही बाजूंच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत बाण सोडता येतात. १२१० मध्ये राजाच्या हातून किल्ला गमावलेल्या घराण्याने हा भाग पुरा करून घेतला असेल, तर ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

शॅननकाठ

मी आयर्लंडमध्ये राहतो आणि पाहुणे आले की ट्रिमला जाणे होते. लेखात वृक्षवलयांचा उल्लेख आहे, त्याला धरून प्रत्यक्ष काय दिसते ते सांगतो. बालेकिल्ल्याच्या भिंतींवर ठराविक अंतराने लहान चौकोनी भोके दिसतात. गवंडी भिंत वर नेताना पहाडाची (बांधकामासाठी उभारलेल्या मचाणाची) आडवी लाकडे त्यांत रोवत असत. काम झाल्यावर लाकूड बाहेरून कापले जाई आणि आतला तुकडा चुन्यात तसाच राही. अभ्यासकांना जे नमुने मिळाले ते हेच तुकडे.

दुसरी गोष्ट आत गेल्यावर मान वर करून पाहण्याची आहे. भिंतीच्या अंगात उतरत्या छपराची तिरकी खाच स्पष्ट दिसते, आणि तिच्या वर भिंत आणखी बरीच चढत गेलेली आहे. म्हणजे पहिले छप्पर बरेच खाली होते आणि नंतर भिंती उंच केल्या गेल्या. वाटाड्याने हे दाखवले की लेखातले टप्पे तारखांशिवायही समजतात.

डब्लिनच्या वाटेकडे तोंड असलेला दक्षिणेचा दरवाजाही चुकवू नये. तेथे गोल बुरुजाच्या पोटातून वाट जाते आणि त्याच्यासमोर, खंदकाच्या पलीकडे, आणखी एक दगडी चौकी पुढे काढलेली आहे. मधली वाट अरुंद आहे. तिच्यावर उचलता पूल होता, आणि आत आलेल्या शत्रूवर वरून मारा करण्याची सोय होती. या प्रकारचा इतका शाबूत दरवाजा आयर्लंडमध्ये दुसरा नाही.

बालेकिल्ल्यात फक्त मार्गदर्शकासोबतच जाता येते आणि जिने अरुंद व उंच आहेत, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी विचार करून जावे. मैदान आणि तट मात्र आपापले पाहता येतात.

माजघर

लेखाच्या मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. लेसी आणि इंग्लंडचे राजे यांच्यातले वैर खरे आहे, पण ते मालकांमधले वैर होते. ज्यांची जमीन गेली त्यांच्या दृष्टीने १२१० साली राजा कुरणात झोपला की किल्ल्यात, याने काय फरक पडला? ११७२ साली ब्रेफ्नेचा राजा टायर्नन ओ'रूर्क ह्यू द लेसीशी बोलणी करायला आला आणि त्या भेटीतच मारला गेला. त्याचे शिर डब्लिनच्या वेशीवर लटकवले गेले. मीथच्या उत्तम जमिनी ह्यूने आपल्या सरदारांत वाटल्या, आणि आयरिश कुळे त्या जमिनीला बांधलेली राबणारी माणसे म्हणून उरली. एका राजकन्येच्या विवाहाने आणि तिच्या मुलाच्या शौर्याने हे झाकले जाऊ नये.

भुईकोट

ओ'रूर्कचा उल्लेख तुम्ही केलात हे बरे झाले, कारण त्याशिवाय मीथची हकिकत पुरी होत नाही. जमिनीची वाटणी आणि कुळांची स्थिती याबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य आहे. माझा मुद्दा एवढाच आहे की, विजेते एकसंध नव्हते आणि जिंकलेलेही नव्हते. रोरीने ट्रिमवर चाल केली तेव्हा तो आयर्लंडचा उच्च राजा होता, पण मीथवर त्याचाही वारशाने हक्क नव्हता. मीथचे जुने राजे मेलाक्लिन घराण्याचे, आणि ओ'रूर्क व ओ'कॉनर या दोघांनीही नॉर्मन येण्यापूर्वी त्या मुलखाचे लचके तोडले होते. ह्यूला पाय रोवायला जागा मिळाली ती या फुटीमुळे. तो विवाह प्रेमकथा म्हणून मी सांगितला नाही. रोरीला जावई हवा होता आणि ह्यूला सासरा.

वेशीवरचा

मी मूळचा अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) आहे, म्हणून या गावाचा आपल्याशी असलेला एक संबंध येथे नोंदवतो. आमच्या भुईकोट किल्ल्यावर ऑगस्ट १८०३ मध्ये चालून आलेला आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) हा ट्रिमच्या पंचक्रोशीतला. त्याच्या घराण्याचा डँगन येथील वाडा ट्रिमपासून जवळच होता. किल्ल्यासमोर नदीच्या उत्तर तीरावर टॅलबट कॅसल नावाची इमारत आहे. तेथे त्या काळी शाळा होती आणि लहानपणी तो तेथे शिकला, असे सांगतात. १७९० ते १७९७ या काळात आयरिश संसदेत तो ट्रिमचाच प्रतिनिधी होता. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड, ज्याच्या गव्हर्नर-जनरलपदाच्या काळात दुसऱ्या बाजीरावाशी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला, तोही आधी ट्रिममधूनच निवडून गेला होता.

१८०३ च्या त्या पाच महिन्यांत अहमदनगर, २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड, अशी ओळीने ठिकाणे पडत गेली. ट्रिम गावात १८१७ साली त्याच्या सन्मानार्थ उंच स्तंभ उभारला गेला आणि तो आजही आहे. असईच्या शेतांमधून फिरलेल्या मराठी माणसाने ट्रिमला गेल्यावर तो स्तंभ पाहावा. किल्ला आणि स्तंभ यांत ६०० वर्षांहून अधिक अंतर आहे, पण राज्य मिळवण्याच्या रीतीत काही गोष्टी ओळखीच्या वाटतात: फुटलेले दरबार, मदतीला बोलावलेले सैन्य आणि मग परत न जाणारे सैन्य.

कातळकडा

वसईचा तह आणि डर्मट मॅकमरो यांचा असा शेजार माझ्या मनात कधी आला नव्हता. बाजीरावही पदच्युत होऊन मदत मागायला गेला होता, हे खरेच.

एक प्रश्न राहिला. उत्खननात मुंडकी नसलेले सांगाडे सापडल्याचे वाचले होते. ते १२२४ च्या वेढ्यातले आहेत का?

शॅननकाठ

तसे मानण्याला आधार नाही. १९७१ ते १९७४ या काळात डेव्हिड स्वीटमन यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले आणि बालेकिल्ल्याच्या परिसरात मुंडकी नसलेले दहा पुरुषांचे सांगाडे मिळाले. १४६५ साली चौथ्या एडवर्डच्या काळात असा हुकूम निघाला होता की, लूटमार करणाऱ्यांचा शिरच्छेद करून त्यांची मुंडकी लोकांना दिसतील अशी टांगावीत. हे सांगाडे त्या शिक्षा झालेल्यांचे असावेत, असे सहसा मानले जाते.

माजघर

भुईकोट, रोझच्या मुलाचे पुढे काय झाले? आणि किल्ला लेसी घराण्यातून बाहेर कसा गेला, तेही सांगावे, कारण लेखात तो भाग एका वाक्यात उरकला आहे.

भुईकोट

विल्यम १२२४ च्या पराभवातून वाचला आणि पुढे राजाच्या सेवेतही परतला. १२३३ साली ब्रेफ्नेच्या मुलखात ओ'रायलींशी झालेल्या लढाईत जखमी होऊन तो मेला.

वॉल्टर १२४१ साली वारला. अखेरच्या वर्षांत त्याची दृष्टी गेली होती आणि त्याचा मुलगा गिल्बर्ट त्याच्या आधीच वारला होता. वारस म्हणून गिल्बर्टच्या मुली मार्गरेट आणि मॉड उरल्या. त्यांचे विवाह जमवण्याचा अधिकार राजा तिसरा हेन्री याच्याकडे आला. मीथचे दोन भाग झाले आणि ट्रिमचा भाग मॉडकडे आला. तिचा विवाह राजाने आपल्या दरबारातल्या फ्रेंच सरदाराशी, जॉफ्री द जेनव्हिलशी, लावून दिला. जॉफ्री शँपेन प्रांतातला होता, आणि फ्रान्सचा राजा संत लुई याचे चरित्र लिहिणारा जाँ द जॉइनव्हिल हा त्याचा भाऊ. नदीकडच्या तटाला लागून बांधलेले मोठे दालन त्याच्या काळातले आहे. तटात रुंद खिडक्या पाडल्या गेल्या आणि दालनाच्या खालच्या तळघरातून थेट नदीवर उघडणारे दार ठेवले गेले, म्हणजे होडीतून आलेला माल तसाच आत घेता येई. वेढ्याची भीती असलेल्या माणसाने नदीच्या बाजूच्या तटात रुंद खिडक्या पाडल्या नसत्या, यावरून तोवर मीथचा मुलूख किती स्थिरावला होता हे कळते.

जॉफ्रीने १२६३ साली गावात डोमिनिकन साधूंचा मठ स्थापन केला. १३०८ साली त्याने सारा मुलूख नात जोन आणि तिचा नवरा रॉजर मॉर्टिमर यांच्या स्वाधीन केला, त्याच मठात जाऊन साधूचा वेश घेतला आणि १३१४ साली तेथेच देह ठेवला. हा रॉजर म्हणजे ज्याने पुढे इंग्लंडच्या राणीशी संधान बांधून दुसऱ्या एडवर्डला गादीवरून काढले आणि १३३० साली फासावर गेला तो. जोन त्याच्यानंतर २६ वर्षे जगली. तिच्या हाती ट्रिम कसे परत आले, हा विषय वेगळ्या धाग्याचा आहे, तो लवकरच काढतो.